दीनियातच्या तासाला बसलेला नेकनूरचा पोरगा

हे मी आजवर कोणापुढं बोललेलो नाही. मी — ज्यानं नेकनूरचा वाघ नुसत्या फेट्यानं बांधून आणल्याचं तीन तालुक्यांना पटवलं — त्यानं एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली. ती गोष्ट खरी आहे, म्हणून असेल काय?

हैदराबादेत सरकारी विद्यापीठ नवंच निघालं होतं. नेकनूरहून दोघंच गेलतो, दत्तू आणि मी. एका खोलीत बेडूक फाडायचे, पलीकडच्या खोलीत कयामतीची चर्चा. मुसलमान पोरांना दीनियात, म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र, सक्तीचं. त्याच तासाला आम्हा हिंदूंना अखलाक, म्हणजे नीती. नीतीच्या मास्तरांचा आवाज असा, की भिंतीवरची पाल पेंगून खाली पडायची.

मग आम्हा दोघांतला एकजण — हळूच दीनियातला जाऊन बसायला लागला. म्हाताऱ्या मौलवींनी हाकललं नाही. त्यानं विचारलं, देवाला सगळं आधीच ठाऊक, तर माणसाला शिक्षा कशाची? मौलवी खूश. "बेटा, हाच सवाल तुमच्या शास्त्रीबोवांनाही कर. चांगला जवाब मिळाला तर मलाही सांग." धर्माला सवाल करता येतो, हे त्या खोलीत कळलं. गावात कानफटात बसली असती.

सुट्टीत एका लग्नात पंगतीला वेळ होता. लोक म्हणाले, हैदराबादचं काही सांग बे. सांगितलं. दत्तू मौलवीच्या मांडीला मांडी लावून बसतो, टोपी घालतो, घडाघडा कुराणातल्या आयता म्हणतो, आता नाव बदलायचं तेवढं राहिलंय! मांडव हसून हसून आडवा.

दत्तूचे वडील हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मारुतीच्या देवळात चार जाणत्यांपुढं उभं केलं. दत्तू शेजारीच. "ह्यो न्हाई म्हन्तो. तू व्हतास तिथं. खरं हाय का?"

थाप होती, तात्या — तीन शब्द पुरले असते. पण मग पुढचा सवाल आला असता, आणि त्याला उत्तर द्यायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "डोळ्यानं पाहिलंय, तात्या."

दत्तूची डोई भादरली. गोमूत्र पाजलं. पुस्तकं तात्यांनी स्वतः विहिरीत टाकली. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. तो पुन्हा हैदराबादेला गेला नाही, जन्मभर औत हाकलं. मी परत गेलो. नीतीच्या परच्यात, म्हणजे पेपरात, पहिला आलो — ही थाप नव्हे. अंबाजोगाईत मास्तर झालो. पोरांना काय शिकवलं, ते कशाला सांगू?

गेल्या साली दत्तू वारला. दहाव्याला त्याच्या पोरानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, आप्पा खरंच त्या तासाला बसायचे का? आमच्या आईला शेवटपर्यंत न्हाईच म्हनले."

तिथं तरी ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. मला भ्यायला काय उरलं होतं?

"बसायचा की," मी म्हणालो. "सगळ्यात पुढं." आणि हात धुऊन पानावर बसलो.

त्या तासाला मी बसायचो. दत्तू शेजारच्या खोलीत नीती शिकत असायचा — आणि देवळात त्यानं माझं नाव घेतलं नाही.