निवडलेला मका

काल डिचोलीजवळच्या सर्वण गावात शेवंतीमावशींकडे गेले होते, कुजका मका आणायला. हो, कुजकाच... हसू नका.

मी मूळची गडहिंग्लजची. दोन वर्षं डिचोलीत एकटी राहतेय आणि खायच्या धिंगरी अळंबीतून एन्झाइम काढतेय. धान्याला बुरशी आली की तिचं विष दाण्यात मुरतं, धुऊन-वाळवून जात नाही. आमचं एन्झाइम ते विष तोडतं... म्हणजे लॅबमध्ये मुद्दाम नासवलेल्या मक्यात तरी तोडतं.

आता कुणाच्या तरी घरात आपसूक बुरसलेल्या मक्यावर ते चालतं का, एवढंच बघायचं राहिलं होतं. ते झालं की बॅग भरायची आणि घर गाठायचं. खरं सांगते, एकटेपणाला विटले होते. खोलीवर बोलायला भिंती, लॅबमध्ये अळंबीच्या पिशव्या... वाढदिवसालासुद्धा त्याच!

मावशी डिचोलीच्या बाजारात भाजी विकतात. त्यांचा गाईसाठी ठेवलेला मका पावसाच्या गळतीने भिजून बुरसला होता. "टाकू नका हां, मला हवाय," असं मी दहादा बजावलं होतं.

गेले तर ओसरीवर स्वच्छ पिशवी, तोंड बांधून तयार. मावशींनी तीन दिवस बसून एकेक दाणा निवडला होता, धुतला होता, उन्हात घातला होता. काळे-हिरवे दाणे कोंबड्या टिपतील म्हणून शेणाच्या खड्ड्यात पुरून मोकळ्या!

माझं डोकंच फिरलं. "अहो, मला तेच हवे होते!" मी चक्क ओरडले.

 मावशी हळूच म्हणाल्या, "दारात आयिल्ल्याक कोण कुसको दाणो दिता गो बाय?"

दोन्ही मुलगे बोटीवर नोकरीला, घरात त्या एकट्या. कुणासाठी काही निवडावं असं कित्येक दिवसांत घडलंच नव्हतं, म्हणाल्या. हे तीन दिवस बरे गेले...

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची खोबरं घातलेली किसमूर पुढ्यात ठेवली. दोन वर्षांत समोर बसून 'आणखी घे' असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांदा पेज घेताना रडूच आलं, मावशींनी बघून न बघितल्यासारखं केलं. निघताना एवढंच म्हणाल्या, दर रविवारी पेजेला यायचं.

आज लॅबच्या सरांना सांगितलं, सॅम्पल गेलं; पुरलेले दाणे शेणात मिसळले, आणि निवडलेल्यात विष उरलं असलं तरी चाचणीला पुरणार नाही. बोलणी खाल्ली. असा मका आता पुढच्या पावसाळ्यातच मिळायचा, म्हणजे घर तेवढंच लांबलं.

निवडलेला मकासुद्धा गाईला घालू नका, हे मावशींना समजावून पिशवी मी घेऊन आलेय. टाकवत मात्र नाही... टेबलावर आहे.

आईला फोन केला. एवढे महिने एकटी कशी काढशील गं, म्हणाली. म्हटलं, रविवारी सर्वणला पेज असते माझी.