मशीन वाढवणे

टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथंच गोडाऊनला होते. त्यांच्या टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. त्यांचं विंडोज चालायचं माझ्या खोलीतल्या सर्व्हरच्या पोटात. तशी आणखी पाच मशीनं तिथं नांदतात. रोज दुपारी दीडला, सगळे जेवायला उठले की सर्व्हर आपणहून एकेक मशीन बंद करतो, बॅकअप घेतो आणि पुन्हा चालू करतो. मशीन नीट बंद झालं तरच बॅकअप धड. चालत्या मशीनची मान मुरगाळली तर आत काय अर्धवट राहील, सांगता येत नाही.

पाच मशीनं मुकाट बंद व्हायची. अण्णांचं अडायचं. नोटपॅडमध्ये काहीतरी टाइप करून ठेवलेलं, आणि विंडोज विचारत बसलेलं, सेव्ह करू का? दहा मिनिटं वाट पाहून मला मेसेज यायचा: गोडाऊन बंद झाले नाही. मग मी डबा उचलून, चरफडत, आवार ओलांडून गोडाऊनला. जबरदस्तीनं बंद करायची सोय होती, पण अण्णा म्हणायचे, महत्त्वाचं लिहिलंय. आणि मी पोचले की घाईघाईनं ती खिडकी मिटवून टाकायचे.

रोज बंद करायला कसं विसरता, असं मी रोज विचारायची. त्यांचं पूर्वी किराणा दुकान होतं. तिथं बंद हा शब्द चालत नसे.

"बंद म्हनू नये गं, वाढीवलं म्हनावं," ते म्हणायचे. "आन् आता जेवायला वाढ."

शेवटच्या दिवशी मी गेले नाही. कामात होते. फोनवरच सुनावलं की एवढं तर शेंबड्या पोरालाही जमतं. ते बरं म्हणाले. संध्याकाळी घरी चहा पिता पिता गेले.

तेरावं उरकून कामावर आले. रडू आलं नव्हतं, अजूनही आलेलं नाही. मेलमध्ये रोजची तीच ओळ साचलेली: गोडाऊन बंद झाले नाही. साहेब हळू आवाजात म्हणाले, सरळ बंद करून टाका आता. मी बघते म्हटलं, आणि दुपारी डबा न घेताच गोडाऊनला गेले. अण्णांचा पासवर्ड बदलून आत शिरले. नोटपॅडमध्ये एकच ओळ होती.

आज शेंगाची चटणी.

मी खाली-वर करून पाहिलं. बाकी काही नव्हतं. शेजारच्या टेबलावर गेटपास लिहिणाऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

"त्यांला समदं येत हुतं, ताई," त्या म्हणाल्या. "दीड वाजाय आला की कायतरी टाईप करून ठिवायचे. म्हनायचे, न्हाय तर पोरगी तितंच टेबलावर एकटी जेवती."

मी बरं म्हटलं. विंडोजनं विचारलं, सेव्ह करू का? हो केलं. फाइलला नाव मागितलं. काही सुचेना, अण्णा असं टाकलं. मशीन लगेच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला मेसेज आला: सर्व मशीन नीट बंद झाली. अण्णांच्या भाषेत, वाढवली. मी डबा टेबलावरच उघडला. वाढायला समोर कुणी नव्हतं.