माझ्या सिनेमात बाबा नुसते बसले होते

मला मत्सर वाटतो, हे सरळ सांगून टाकते. माझ्या मैत्रिणीने एक विनोदी लघुपट केला आणि तो माझ्या गंभीर लघुपटापेक्षा चांगला झाला. एवढंच असतं तर कसंबसं पचवलंही असतं. पण दोन्हींत काम माझ्याच बाबांनी केलं होतं.

आम्ही दोघी कॉलेजपासून सदाशिव पेठेतल्या एका फिल्म क्लबला जातो. छोटा हॉल, करकरणाऱ्या खुर्च्या आणि एक न लिहिलेला नियम: सिनेमा संपला की टाळ्या वाजवायच्या नाहीत. दिवे लागले तरी घरात सुतक असल्यासारखं बसून राहायचं. मग एखादे ज्येष्ठ सभासद घसा खाकरून म्हणणार, "अस्वस्थ करणारा आहे." याहून मोठं सर्टिफिकेट आमच्याकडे नाही. मध्येच कोणी हसलं तर त्याला सिनेमा कळला नाही असं समजायचं. मला हे सगळं मनापासून पटलेलं होतं. थोर सिनेमा पाहिल्यावर माणसाला जेवण जाता कामा नये, असं माझं ठाम मत. मैत्रिणीला मात्र असे सिनेमे पाहून हमखास भूक लागायची. मिसळ खाता खाता म्हणायची, "अगं, एवढी माणसं मेली, पण मरेपर्यंत एकालाही साधी शिंक आली नाही." मी नाक मुरडायचे.

आई गेली, त्यानंतर वर्षभराने मी माझा लघुपट केला. बायको गेलेला एक म्हातारा, आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची खिडकी आणि त्याचा एक दिवस. नट घरातच होता. बाबांचं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे लोकांना सुनावण्यात गेलेलं, त्यामुळे खुर्चीत बसवल्याबरोबर त्यांनी खाली पार्किंगमध्ये कोण कशी गाडी लावतो यावर बोलायला सुरुवात केली. मी कॅमेरा थांबवला. "बाबा, काही करू नका. नुसते बसा आणि बाहेर बघा." ते बसले. दिवसभर बसले. पाठ दुखते म्हणाले, तरी मी उठू दिलं नाही.

मग मैत्रिणीने विचारलं, "काका, माझ्याही सिनेमात येता का?" तिच्यात ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. सगळ्यांशी भांडणारे, जिन्यात पाट्या लावणारे. शूटिंग तिच्या घरी, कात्रजला. इस्त्रीचा शर्ट घालून, बस बदलून जायचे आणि गुणगुणत परत यायचे. पाठीचं नावही काढायचे नाहीत. मी जळायला लागले ती तेव्हापासूनच.

क्लबने दोन्ही लघुपट एकाच संध्याकाळी ठेवले. मला एकच हवं होतं. बाबा माझ्या सिनेमातले म्हणून लोकांच्या लक्षात राहावेत. आई माझी गेली होती, तिच्या मागे उरलेला माणूस दाखवायचा हक्कही माझाच होता. मैत्रिणीने खुशाल हसवावं.

माझा आधी झाला. दिवे लागले, कोणी हललं नाही. "अस्वस्थ करणारा आहे," ज्येष्ठ सभासद म्हणाले. मी मोठ्या आनंदाने शेजारी पाहिलं. बाबांचा डोळा लागला होता.

मग तिचा सुरू झाला. पडद्यावर बाबांनी जिन्यात पाटी लावली: 'आपण गाडी आपल्या स्वभावासारखी आडवी लावली आहे. निदान गाडी सरळ करावी.' हॉल हसला. ज्येष्ठ सभासदही हसले, ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे सेक्रेटरी खालच्या मजल्यावर कडाकडा भांडतो आणि पुटपुटत घरी येतो. चहा टाकतो. दोन कप भरतो. एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवतो, भांडणाची हकिगत सांगायला तोंड उघडतो आणि थांबतो. मग तो कप स्वतःकडे ओढून खुर्चीला म्हणतो, "नको होता तर आधी सांगायचं." आणि दोन्ही कप पिऊन टाकतो.

सगळे खो खो हसले. मला रडू आवरेना, कारण हे आमच्या घरी रोज सकाळी होतं. आई गेल्यापासून बाबा दोन कप भरतात, खुर्चीला काहीतरी सुनावतात आणि दोन्ही पितात. माझ्या शूटिंगच्या दिवशीही दोन भरले होते. लोक हसतील म्हणून त्यातला एक मीच उचलून ओट्यावर ठेवला होता.

तिचा सिनेमा संपला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या क्लबात, टाळ्या. डोळे पुसत वाजवत होते मेले. मीही वाजवल्या, दात आवळून.

रिक्षात बाबांना विचारलं, "तुम्ही चहाचं ते माझ्या सिनेमात का नाही केलंत?"

"तू म्हणालीस, काही करू नका."

"आणि तिने काय सांगितलं?"

"ती म्हणाली, काका, भांडून घरी आलात, आता रोज घरी जे करता ते करा." एवढं बोलून ते रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले.

रात्रभर मला तिचा राग येत राहिला. असं वाटत होतं की माझी आई माझ्या घरातून उचलून तिने कात्रजला नेली, आणि वर लोकांना हसवलंही.

सकाळी बाबांनी दोन कप भरले. मी जाऊन आईच्या खुर्चीत बसले. "बाबा, मी नवीन सिनेमा करतेय. यात तुम्ही बोलायचं. हवं ते बोला. कराल ना?"

त्यांनी माझ्यापुढचा कप शांतपणे स्वतःकडे ओढून घेतला.

"तारखा बघून सांगतो," म्हणाले. "पुढच्या महिन्यात तिचं शूटिंग आहे."