रोझी आंटीच्या दारात अडकलेलं गाणं

"ही बाई कोन हाय?" फिलू आंटींनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि विचारलं.

"आंटी, तुम्हीच आहात."

"मी न्हाय. सर्दी झाली तरी मी अशी गात न्हाय."

मी त्यांच्या आवाजावर ट्यूनिंग केलं होतं. ट्यूनिंग म्हणजे गाणाऱ्याचा सूर जरा इकडेतिकडे गेला असेल, तर तो कॉम्प्युटरवर ओढून जागेवर बसवायचा. हे सगळ्यांनाच करावं लागतं आणि कोणीच कोणाला सांगत नाही. नीट जमलं तर क्लायंट खूश होतो, त्याला वाटतं आज आपला आवाज लागला होता. आपण जास्तच सुरात गायलोय अशी तक्रार करणाऱ्या फिलू आंटी माझ्या पहिल्या क्लायंट. मी मुकाट्याने ट्यूनिंग काढून टाकलं. ते बसवायला माझी अख्खी दुपार गेली होती, पण ते सांगून काय उपयोग.

मी फ्रीलान्स म्युझिक प्रोड्युसर आहे आणि मिक्सिंग करतो. आमच्या नातेवाइकांच्या भाषेत, "घरीच असतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो." प्रोड्युसर म्हणजे गाण्यात काय काय वाजणार ते ठरवणारा, आणि मिक्स इंजिनिअर म्हणजे ते सगळं एकमेकांच्या पायात पाय न घालता ऐकू येईल असं बघणारा. माझा स्टुडिओ मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये, आमच्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करतो आणि कपाटाची दारं सताड उघडी ठेवतो, कारण लटकलेले कपडे आवाजाचा घुमारा खातात. भले भले गायक आईच्या साड्यांकडे बघत गाऊन गेलेत.

फिलू आंटींना घेऊन आला मेल्विन. हा त्यांचा भाचा, उत्तनकडच्या चौक गावातला. त्याचा लग्नात वाजवणारा बँड आहे आणि तो स्वतः ट्रम्पेट वाजवतो. आंटी मासळी विकतात, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात पुढे राहून गाणं सांगतात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. त्या वाटेवरचं गाणं आंटींचं. आंटी पुढची ओळ म्हणणार, बाकीच्या मागून धरणार, असं वर्षानुवर्षं चाललंय.

या वेळी मात्र लग्न त्यांच्याच मुलीचं होतं.

"आमच्या घरात नवरीच्या आईनं पुढं गायचं न्हाय," आंटींनी सांगितलं. "सासूनं घातलेला नियम हाय. सासू गेली, नियम ऱ्हायला."

"मग कोण गाणार?"

"रोझी." हे नाव त्यांनी असं उच्चारलं की मला वाटलं, काहीतरी आजार आहे.

रोझी म्हणजे त्यांची जाऊ. मेल्विनने हळूच माहिती पुरवली की रोझी आंटी प्रत्येक ओळ ताणतात, आणि शब्द माहेरच्या गावचे घालतात. आपल्या पोरीच्या लग्नात हे ऐकायचं, ही कल्पनाच फिलू आंटींना सहन होत नव्हती. म्हणून त्यांनी मार्ग काढला होता. नियम गाण्याबद्दल आहे, स्पीकरबद्दल नाही. गाणं आधीच रेकॉर्ड करायचं आणि टेंपोवरून लावायचं.

"पण तुझा बँड आहे ना?" मी मेल्विनला विचारलं. "मग रेकॉर्डिंगमध्ये बाजा कशाला?"

"अरे, बँडमधले सगळे नवरीचे भाऊच आहेत. घरच्या लग्नात आम्ही नाचणार की वाजवणार?"

बँडची पोरं एकेक करून आमच्या बेडरूममध्ये येऊन वाजवून गेली. मग आंटींची पाळी आली आणि कटकट सुरू झाली. त्यांना उभ्याने गाता येत नव्हतं. चालत गायची सवय. माइकसमोर माणसाने एका जागी राहायचं असतं, नाहीतर आवाज जवळ-लांब होतो. आंटी ओळ माइकवर सुरू करायच्या आणि संपवायच्या कपाटापाशी. शेवटी मी त्यांना जागच्या जागी पाय हलवायला लावले. वर कानात क्लिक दिला. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारी टकटक, गाणाऱ्याची लय सुटू नये म्हणून.

"ह्यो सुतार कोन हाय आत?" आंटींनी विचारलं, आणि क्लिक बंद करायला लावला.

गाताना त्या मध्येच थांबायच्या. एक कडवं झालं की गप्प, दाराकडे बघत उभ्या. मग पुढचं कडवं. मला वाटलं, शब्द आठवत असतील. वयस्कर बाई आहेत, घाई नको. नंतर एडिट करताना मी ते सगळे गॅप कापून टाकले. गॅप दिसला की आमचा हात आपोआप कटवर जातो, धंद्याची सवय. सगळी कडवी एकामागे एक, पक्क्या लयीत बसवली. छान आटोपशीर, खणखणीत गाणं झालं. मी स्वतःवर जाम खूश होतो.

आंटींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आवाज माझाच हाय. पन माझ्या मागं कुत्रा लागलाय काय?"

"आंटी, हल्ली गाणी अशीच असतात."

त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मेल्विनने ट्रायल ठेवली. मी भाईंदरहून बस पकडून चौकला गेलो. टेंपोवर स्पीकर बांधले होते. आंटींनी चार बायका गोळा केल्या होत्या, वाट चालून बघायला. मी ऐटीत प्ले दाबलं.

पहिल्या घराचं नाव गाण्यात आलं तेव्हा आम्ही पहिल्या घरापाशी होतो. दुसऱ्याचं आलं तेव्हाही पहिल्याच घरापाशी. प्रत्येक कडव्यात एका घराचं नाव आहे, एवढं मला कळलं होतं. मला न कळलेली गोष्ट ही, की त्या घरची बाई बाहेर येऊन सामील झाल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. कोणी गॅस बंद करत असते, कोणी केसात फूल माळत असते. गाणं दारात थांबतं. माझं गाणं थांबायला तयार नव्हतं. ते एकटंच सुसाट पुढे गेलं, सगळ्या गावाची नावं घेतली, विहिरीवर पोचलं आणि संपलं. पहिल्या घरातली म्हातारी तेव्हा चपला शोधत होती.

गल्लीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

रोझी आंटी आपल्या पायरीवर बोंबील साफ करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मी हाय ना."

फिलू आंटी माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी थांबत हुती ना बाबा. तू कापलंस कशाला?" आणि घरात निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. बाईंनी मला गाणं, वाट, दारं सगळं व्यवस्थित दिलं होतं, आणि मी त्यातली दारंच काढून टाकली होती.

बसमध्ये बसून विचार केला. कापलेले गॅप परत आणणं सोपं होतं. कॉम्प्युटरवर कापलेलं खरं जात नाही, नुसतं झाकलं जातं. पण परत आणून फायदा काय? त्या संध्याकाळी कोणती बाई किती वेळ लावेल हे कोण सांगणार? गाणं बनवून ठेवायची ही गोष्टच नव्हती. ते जागेवर उभं राहूनच चालवायला हवं होतं.

घरी येऊन मी गाण्याचे तुकडे केले. एका घराचं कडवं म्हणजे एक तुकडा. आणि मध्ये बँडचा लूप, म्हणजे गोल गोल फिरत राहणारा बाजाचा तुकडा, कितीही वेळ चालू ठेवता येतो. माझ्याकडे पॅड आहे, रबरी बटणांचं खोकं. एका बटणाला एक घर लावलं. बाई बाहेर आली की पुढचं बटण दाबायचं, तोपर्यंत बँड वाजत राहणार.

फिलू आंटींना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाल्या, सोबत सुक्या बोंबलांची पिशवी. आमच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस झाली. आई झाली वरात. फ्रिज म्हणजे पहिलं घर, वॉशिंग मशीन म्हणजे दुसरं, असं करत ती बाथरूमच्या विहिरीपर्यंत चालायची. मी मुद्दाम लवकर बटण दाबलं की फिलू आंटी ओरडायच्या, "थांब, ती अजून वेणी घालते!" आईला हे इतकं आवडलं की ती वॉशिंग मशीनपाशी खरंच वेणी घालायला लागली.

समोरच्या जिग्नाबेन दारात आल्या. "ओमकार बेटा, ये शादी कब है?"

"शनिवार को, आंटी."

"मतलब, शनिवार को खतम?" असं विचारून, बोंबलांच्या वासाने नाकाला पदर लावून त्या गेल्या. पण दबक्या आवाजात त्याच गाण्याची चाल गुणगुणत गेल्या, ते मी ऐकलं.

ठरलेल्या संध्याकाळी मी टेंपोत लॅपटॉप आणि पॅड घेऊन बसलो. गल्ली भरलेली. मेल्विन आणि अख्खा बँड सूट घालून नाचायला तयार. फिलू आंटी लाल लुगडं नेसून, नियमाप्रमाणे मागे, तोंड बंद.

लूप सुरू केला. पहिलं बटण दाबलं. आंटींचा आवाज गल्लीभर पसरला आणि मागून सगळ्या बायकांनी ओळ उचलली. म्हातारी चपला घालून बाहेर आली. दुसरं बटण. कोणी वेळ लावला, बँड फिरत राहिला. मी मान उंच करून दार बघायचो, बाई दिसली की बटण. फिलू आंटी मागून माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. माझ्या करिअरमधली सगळ्यात छान दाद होती ती.

मग रोझी आंटीचं दार आलं.

बटण दाबलं. फिलू आंटींच्या आवाजात रोझी आंटीचं नाव गाजलं. दार बंद. लूप फिरला. परत दाबलं. दार बंदच. आत दिवा चालू होता, पडदा हलत होता. लूप फिरतोय, फिरतोय. नाचणारी पोरं दमून टेंपोला टेकली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक घर सोडून विहिरीवर जाणं म्हणजे त्या घराला वगळणं, ते कोणी करणार नव्हतं. पाण्याशिवाय नवरीची आंघोळ नाही. घामाने माझी बोटं पॅडवर चिकटत होती.

"ओमकार, काहीतरी कर," मेल्विन खालून म्हणाला.

"काय करू? आवाज म्यूट करायचं बटण आहे, बाईला बाहेर काढायचं नाही."

तेवढ्यात फिलू आंटी गर्दीतून पुढे आल्या. दारासमोर उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून त्यांनी तळहात खाली दाबल्यासारखा केला. माइकसमोर पण हाच इशारा करायच्या, हेडफोनमधला आवाज कमी करायला. मी फेडर खाली ओढला. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. स्पीकरमधल्या फिलू आंटी गप्प झाल्या आणि खऱ्या फिलू आंटींनी तोंड उघडलं.

त्यांनी रोझीचं कडवं गायलं. चक्क ताणून ताणून गायलं. आणि शब्द रोझी आंटीच्या माहेरचे.

धाडकन दार उघडलं. रोझी आंटी नटूनथटून, गजरा घालून, केव्हाच्या तयार होत्या.

"चुकीचा गातेस," त्या म्हणाल्या. "दुसरी ओळ तशी न्हाय."

"मग तू सांग."

"सासूचा नियम मोडलास काय?"

"मोडला. आता चल, पोरगी खोळंबली."

रोझी आंटीने ओळ सांगितली. फिलू आंटींनी धरली. तिथून विहिरीपर्यंत दोघी जावा पुढे, एक ताणतेय आणि दुसरी तिला ओढतेय. सगळी बायकामंडळी मागे. माझ्या पॅडवरची उरलेली बटणं तशीच राहिली. मी विहिरीपर्यंत फक्त लूप फिरवला आणि त्यांच्या आवाजाच्या वर जाऊ दिला नाही. पाणी भरलं तेव्हा फिलू आंटी रडत होत्या आणि रोझी आंटी त्यांचं नाक पुसत, "आता सूर गेला तुझा," म्हणून ओरडत होत्या.

परतताना फिलू आंटी टेंपोपाशी आल्या. "गानं मस्त झालं बाबा."

"आंटी, अर्धं तर वाजलंच नाही."

"म्हनून तर," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात रोझी आंटीचा फोन आला. त्यांच्या मुलीचं ठरलंय. "मना पन तसंच पायजे. पन फिलूचा आवाज न्हाय घ्यायचा."

पूर्वी नवीन क्लायंटला मी पहिला प्रश्न विचारायचो, गाणं किती मिनिटांचं हवंय. रोझी आंटीला तो विचारला नाही. वही घेतली आणि म्हणालो, "आंटी, गाणं कोणाकोणाच्या दारात थांबणार ते सांगा."

त्यांनी पहिलंच नाव सांगितलं, "फिलू. आनि तिथं जरा जास्त वेळ ठेव. ती मुद्दाम उशिरा बाहेर येनार."