त्या संध्याकाळी पावणं आलं नव्हतं

माझी अक्का मरत होती, तेव्हा आम्ही तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगत होतो.

आज तिचा स्मृतिदिन. दरवर्षी फोटो टाकून मोकळी होते. यंदा लिहिणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

अक्का म्हणजे सुनंदा. आम्हा तिघा भावंडांत थोरली. मधला बाळूदादा, धाकटी मी.
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये ती गणित शिकवायची. आवाज असा, की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसायची.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. भर क्लासमध्ये, हातात खडू असताना तिची छाती धडधडायला लागली. हातपाय गार. श्वास पुरेना. "मी मरतोय" एवढंच म्हणत होती.
ईसीजी काढला. नॉर्मल.
मग मंडईत झालं. मग सिटी बसमध्ये. रिपोर्ट पुन्हा नॉर्मल.

त्यानंतर घराला एक वाईट सवय लागली.
जेवताना अक्का घास हातात धरून थांबली, की आम्ही सगळे थांबायचो. कुणी बोलायचं नाही. फक्त तिच्या हाताकडे बघायचं.
येतंय का आता?

शेवटी डॉक्टरांनीच तिला एका काउन्सेलर बाईंकडे पाठवलं. त्यांच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, त्यामुळे आईने नातेवाइकांना सांगून टाकलं, सुनंदाची अक्कलदाढ दुखतीय.
चांगली वर्षभर दुखली ती दाढ.

बाईंनी शिकवलं, भीतीला ढकलू नका. येऊ द्या. छातीत काय होतंय, हातात काय होतंय, नुसतं बघा. चढते तशी ती उतरतेही.
आणि हेही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की काही वेगळं वाटलं तर बसून राहायचं नाही, आधी डॉक्टर गाठायचा.

अक्काने त्याचं कोल्हापुरी करून टाकलं.
धडधड सुरू झाली की खुर्चीत ताठ बसायची, पाय फरशीला टेकवायची आणि मोठ्यांदा म्हणायची,
"या पावणं. बसा. पर च्या न्हाय मिळायचा."
मग समोर दिसेल त्याचं नाव घ्यायची. पंखा. कॅलेंडर. आईचा चष्मा. श्वास आत, श्वास बाहेर. हळूहळू हाताला ऊब यायची.

आम्ही जैन. आई रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, मांडी घालून निश्चल बसणारी. ती म्हणायची, "ह्यात नवीन काय हाय? मी जन्मभर हेच करतोय की."

पण खरंच गुण आला. अक्का परत बसने जायला लागली. परत वर्गात ओरडायला लागली.

मात्र तिच्याबरोबर आम्हीही शिकलो. अर्धवट.

एकदा दादाने अक्काची ट्यूशनची खोली तिला न विचारता भाड्याने देऊन टाकली. अक्का भडकली. भडकणारच.
दादा शांतपणे म्हणाला, "अक्का, पावणं आलंय वाटतं. श्वास घे."
तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.
"बाळू, ह्यो राग हाय. मला दोन्हीतला फरक कळतोय."

पण घराला सोयीचं सापडलं होतं. अक्का रडली, श्वास घे. अक्का नाही म्हणाली, श्वास घे.
जे तिला बरं करत होतं, तेच आम्ही तिला गप्प बसवायला वापरत होतो. आणि तिचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. आम्हाला वाटलं, किती शांत झाली.

मग काही वर्षांनी ती संध्याकाळ आली.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं. मी माहेरी आले होते. अक्काने ताट बाजूला सारलं.
"बाळू, रिक्षा बघ. छातीवर धोंडा ठेवल्यागत झालंय. जबडा पण ओढतोय."
दादा जागचा हलला नाही. "बस की जरा. दरवेळी जातंयच की."
आई म्हणाली, "डोळे मिट. णमोकार म्हण."
"आई, हे पावणं न्हाय."
"तुला तसं वाटतंय. श्वास घे बघू."

तिने घेतला. एक श्वास, निव्वळ आमच्या समाधानासाठी. तो श्वास आठवला की मला आजही आम्हा सगळ्यांची चीड येते.

मग उठली. चपला घातल्या. "मी जातो," म्हणाली आणि जिना उतरली.
मी मागोमाग धावले. खाली पोचले तोवर रिक्षा कोपऱ्यावरून वळली होती.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक.

रिक्षावाले काका दारातच उभे होते. गेले नव्हते.
"तुम्ही घरची काय? बाई मागं ताठ बसलेल्या. घाम बघून मी इचारलं, लई भ्या वाटतंय काय?"
दादाने मान डोलावली.
"तर म्हणल्या, न्हाय वाटत. माझं भ्या माझ्या वळखीचं हाय. आज ते आलंच न्हाय, म्हणून तर घाई करा."
काकांनी रिक्षाकडे बोट दाखवलं.
"मग मी एकबी सिग्नल बघितला न्हाय, ताई."

इतकी वर्षं भीतीसमोर बसून अक्काने तिची नस न् नस ओळखली होती. त्या दिवशी ते एका परक्या माणसाला पटलं. आम्हाला नाही.

तुमच्या घरातही असं कुणी असेल. ते "आज वेगळं आहे" म्हणाले, तर आधी रिक्षा बोलवा. श्वासाचं नंतर बघू.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत, अक्का.
तुझं खरं होतं.