नानेतच्या नावाची मिस्सा

झेली बटाटे किसत बसली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. सेंट मेरी उपसागराच्या काठावरल्या या गावात दार कुणी वाजवत नाही, माणसं आत येतात, खुर्ची ओढतात आणि मग "आहेस का गं?" म्हणून विचारतात. वाजवतो तो पोलीस, नाहीतर मेल्याची खबर आणणारा.

"कोण गेलं?" तिनं आतूनच विचारलं.

"गेलं नाही, आलंय," म्हणत चाळिशीची एक बाई आत शिरली. नाव ओदील, आली होती थेट दूर दक्षिणेतल्या लुइझियानाहून. तिचं फ्रेंच असं, जणू तोंडात गरम बटाटा धरलाय. "मी दुगा घराण्यातली माणसं शोधतेय."

"मग रस्त्यात खडा मार. ज्याला लागेल तो दुगा. आडनावानं इथं पोस्टमनसुद्धा विचारत नाही. मी झेली, दमासची, सिप्रियाँची, ओलिव्हिएची."

ओदील गडबडली. "तीन नवरे झाले, मावशी?"

"एकसुद्धा नाही, पोरी. बाप, आजा, पणजा."

"तुमच्या शेजारणीनं मला इकडे धाडलं. आमच्या घराण्याचं टोपणनाव सांगितलं, तर ती हसतच सुटली."

"काय नाव?"

ओदीलनं आवाज खाली आणला. "शेंबडे."

झेलीच्या हातातली किसणी परातीत पडली. "शेंबडे तर आम्ही."

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी इथल्या फ्रेंच लोकांची गावं जाळून त्यांना हाकललं, तेव्हा शेंबड्यांच्या दोघी बहिणी वेगवेगळ्या जहाजांत कोंबल्या गेल्या. ओझित वणवण करून परतली. नानेत बुडाली असं धरून घरानं दर वर्षी तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, करवली. आता करवणारी झेली एकटीच उरली होती. आपल्यामागं त्या बिचारीला कोण, हा तिला घोर.

"तुमच्यात नानेत कुणी होती?" झेलीनं विचारलं.

"तिच्यापासूनच तर आम्ही. दोन नवरे, नऊ पोरं. म्हातारी होऊन मेली, तीही सुनेशी भांडता भांडता."

झेली मटकन बसली. "म्हणजे एवढ्या मिस्सा फुकट गेल्या. आणि मी दर खेपेला रडलेय गं." तिनं डोळे पुसले, मग नाक. ओदीलनंही नाक पुसलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नाव काही उगीच पडलेलं नाही," झेली म्हणाली. मग पदर नीट करावा तसा एप्रन सारखा करून बोलली, "रविवारी तिची मिस्सा आहे. मी उठून सांगणार, नानेत बुडाली नाही. एकटीनं सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला भ्रम झालाय. तेवढं रविवारपर्यंत थांब, आणि माझ्या शेजारी उभी राहा."