आईच्या मसाल्याची शेवटची बरणी

आई भाद्रपदात गेली. बाबा बिरवाडीला माझ्याकडे यायला तयार होईनात, म्हणून दर रविवारी मीच एसटीने पोलादपूर आणि तिथून मिनीडोरने वर गावी जाऊ लागले. दर रविवारी नवा वैताग. आईचा पाट चुलीसमोरून हलवायचा नाही. त्याला ठेचकाळून बाबा दोनदा पडता पडता वाचले, तरी नाही. तिचं दम्याचं औषध फडताळातून काढायचं नाही.

आणि तिने उन्हाळ्यात केलेल्या मसाल्याची बरणी. शिमग्यापर्यंत त्यात जाळी धरली. बाबा तो चाळून, उन्हात घालून वापरायचे. पोट बिघडेल म्हणून मी किती सांगितलं, ते ऐकल्यासारखं करायचे. शेवटी एका रविवारी ते शेतावर गेलेले असताना मी मसाला खतात ओतला, बरणी कडकडीत पाण्याने धुतली आणि महाडहून आणलेला तयार मसाला भरून ठेवला.

दुपारी बाबा जेवायला बसले. एक घास खाल्ला, बरणीकडे पाहिलं आणि भातावर ताक ओतून घेतलं. भांडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारीही तेच. नंतर शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं की तीन आठवडे ते मधल्या दिवशीही ताकभातच जेवतायत. मुंबईच्या भावाला कळवलं तर तो म्हणाला, मसाल्याचं काय एवढं, होतील नीट. मुंबईत बसून बोलायला काय जातं.

मग मीच मसाला करायला घेतला. काकूंना प्रमाण विचारलं, दोन दिवस मिरच्यांचे देठ काढले. भाजताना असा ठसका उठला की नवरा चहा अर्धा टाकून बाहेर पळाला. महाडच्या डंकावर कांडून आणला आणि रविवारी गावी जाऊन त्याचं वालाचं बिरडं केलं.

बाबा सावकाश जेवले. मग म्हणाले, "धणे जास्त पडलेत. आनि दगडफूल कच्चं राहिलंय."

"तुम्हाला काय कळतं मसाल्यातलं?"

"तुझ्या आयेला दमा लागल्यापासना मीच भाजायचो गो. ती दारात बसून सांगायची, मी चुलीपाशी."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. दर उन्हाळ्यात आई मला डबा भरून द्यायची आणि मी तिच्या हाताचं कौतुक करायची. बाबा शेजारीच बसलेले असायचे.

"मग आधी नाही का सांगायचं?" मी म्हटलं. "दोन दिवस खोकून मेले मी."

"तू इचारलंस कुठं?" बाबा ताटात बघत म्हणाले. "टाकलास तो आमी दोगांनी केलेला शेवटचा होता."

मी ताट उचलून परसात गेले आणि घासलेलंच ताट पुन्हा घासत राहिले. रडू आलं, त्याहून जास्त राग आला. त्यांचा आला, आईचा आला, चाळणीतून पडलेले किडे आठवून माझाही आला.

त्या दिवशी निघताना मी त्यांना सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच भाजा, मी दारात बसते. बाबा म्हणाले, बघू. आता ते माझा मसाला खातात. दर रविवारी धण्यांबद्दल बोलतात.